लंडनच्या इराणी उपाहारगृहात पहिल्यांदा जाताना

मुंबई-पुण्यात वाढलेल्या माणसाने 'इराणी' हा शब्द ऐकला की त्याला संगमरवरी टेबल, ब्रून-मस्का आणि बशीत ओतलेला चहा आठवतो. त्याच ओढीने लंडनला नव्याने आलेली मराठी मंडळी तिथल्या इराणी उपाहारगृहात शिरतात आणि चक्रावतात, कारण तिथे मस्का-पाव तर नसतोच, पण चहादेखील कोरा येतो. हा घोटाळा आधी दूर करायला हवा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून येझ्द आणि केरमान या भागांतून आलेल्या इराण्यांनी मुंबईत कयानी (१९०४) आणि पुण्यात गुडलक (१९३५) यांसारखी जी दुकाने थाटली, त्यांतला पाव, खिमा आणि ऑम्लेट हा आपल्याच शहरांनी घडवलेला प्रकार होता. लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये २०१० साली सुरू झालेली 'दिशूम' ही साखळी त्याच कॅफेंच्या आठवणीवर उभी आहे. प्रस्तुत लेख मात्र १९७९ च्या इराणी क्रांतीच्या आगेमागे मायदेश सोडून लंडनला स्थायिक झालेल्या समाजाच्या खाण्याविषयी आहे. हे खाणे प्रामुख्याने छोट्या, घरगुती वळणाच्या उपाहारगृहांत मिळते आणि त्यांपैकी काहींच्या शहरात दोन-तीन शाखा आहेत. तिथे पहिल्यांदा जाणाऱ्याने काय, कोणत्या क्रमाने आणि किती मागवावे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

पायरी पहिली: जागा निवडणे

केन्सिंग्टन हाय स्ट्रीटपासून ऑलिंपियापर्यंतचा पट्टा, बेजवॉटरजवळचा वेस्टबोर्न ग्रोव्ह, एजवेअर रोडच्या आसपासच्या गल्ल्या आणि उत्तरेकडील फिंचली या भागांत इराणी उपाहारगृहे आणि किराणा दुकाने आढळतात. एजवेअर रोडवर लेबनीज आणि इतर अरब उपाहारगृहांचीही गर्दी असते. तिथे हुमुस आणि शावर्मा मिळतो, पण ते इराणी जेवण नव्हे, म्हणून पाटी नीट वाचूनच आत शिरावे. त्याच भागातील क्रॉफर्ड प्लेसवरच्या एका लहानशा उपाहारगृहाचे नाव 'पातोघ' आहे. या शब्दाचा अर्थ 'अड्डा', आणि जागेचा आकार पाहिला की नाव पटते.

छोट्या साखळीचे जुने उदाहरण म्हणजे 'आलूनक'. फारसीत आलूनक म्हणजे झोपडी किंवा खोपटे. वेस्टबोर्न ग्रोव्ह आणि ऑलिंपियाजवळचे रसेल गार्डन्स अशा दोन ठिकाणी हे नाव अनेक वर्षे ओळखीचे आहे. नव्या पद्धतीचे उदाहरण म्हणजे 'बेरेंजक'. हे २०१८ मध्ये सोहोत सुरू झाले आणि नंतर बरो मार्केटजवळ त्याची दुसरी शाखा निघाली. तिथे पदार्थ छोट्या ताटल्यांतून येतात, जागा आधी राखून ठेवावी लागते आणि वातावरण तरुणांचे असते. पहिल्या भेटीसाठी मी स्वतः जुन्या वळणाची जागा सुचवतो, कारण तिथे शेजारच्या टेबलावर आजी-आजोबांसह आलेली कुटुंबे दिसतात आणि जेवण कसे जेवायचे हे त्यांच्याकडे नुसते पाहूनही कळते.

एकाच साखळीच्या दोन शाखांपैकी कोणती निवडावी, असा प्रश्न नेहमी पडतो. माझी कसोटी साधी आहे. रश्शाचे पदार्थ शिळे झाल्याने बिघडत नाहीत, उलट मुरतात, त्यामुळे त्यांत शाखेशाखेचा फरक फारसा जाणवत नाही. रोटी आणि कबाब मात्र भट्टीवर काम करणाऱ्या माणसाच्या हाताप्रमाणे आणि ताटलीत येईपर्यंत लागलेल्या मिनिटांप्रमाणे बदलतात. म्हणून ज्या शाखेत भट्टी चालू आणि टेबले भरलेली, ती शाखा चांगली. सोमवारी दुपारी रिकाम्या शाखेत जाऊन साऱ्या साखळीबद्दल मत बनवू नये. वसंतसंपाताच्या सुमारास, म्हणजे २० किंवा २१ मार्चला, इराणी नववर्ष नौरोझ येते, आणि त्या दिवसांत जागा राखल्याशिवाय जाण्यात अर्थ नसतो. त्या वेळी शेपू-कोथिंबिरीसारख्या पाल्यांचा हिरवा भात आणि मासा, अर्थात सब्जी पोलो बा माही, आवर्जून असतो. कोकणातल्या माणसाने तेवढ्यासाठी गर्दी सोसावी.

पायरी दुसरी: ओळखीच्या शब्दांपासून सावध राहणे

मराठीत फारसी शब्द इतके रुजले आहेत की शिवकाळात ते बदलण्यासाठी राज्यव्यवहारकोश रचावा लागला. साहजिकच इराणी पदार्थांच्या यादीवर नजर टाकली की अर्धी यादी समजल्यासारखी वाटते, आणि नवख्या माणसाची फसगत नेमकी तिथेच होते.

'सब्जी' म्हणजे भाजी नव्हे. फारसीत सब्जी म्हणजे पालेभाज्या, त्यातही ताजा सुवासिक पाला. 'घोर्मे सब्जी' हे नाव वाचून शाकाहारी माणूस आनंदाने मागवतो आणि ताटलीत मटणाचे तुकडे येतात. 'पनीर' म्हणजे आपले फोडणीत पडणारे पनीर नसून खारट, भुसभुशीत, पांढरे चीज असते. 'नान' म्हणजे कोणतीही रोटी. 'माही' म्हणजे मासा, 'मोर्ग' म्हणजे कोंबडी, 'खियार' म्हणजे काकडी आणि 'बादेमजान' म्हणजे वांगे. 'गाव' म्हणजे मात्र गाय, आणि 'गोश्त-ए-गाव' म्हणजे गोमांस. जे गोमांस खात नाहीत त्यांनी हा एक शब्द पाठच करून ठेवावा, कारण खिम्याच्या कबाबात मेंढीचे आणि गाईचे मांस एकत्र असू शकते. यादीत तसे लिहिलेले नसले तरी विचारल्यावर वाढपी स्पष्ट सांगतात, आणि असे विचारण्यात कोणी वावगे मानत नाही.

पायरी तिसरी: रोटी आणि सुरुवातीचे पदार्थ

जुन्या वळणाच्या अनेक जागी दर्शनी काचेमागेच मातीची तनूर असते आणि तिच्यातून पातळ, फोड आलेल्या, तिळाच्या रोट्या निघत असतात. ही रोटी थंड झाली की काही मिनिटांत चिवट होते, त्यामुळे ती एकदम चार मागवू नये. दोन माणसांत एक मागवावी, संपली की दुसरी. दगडांवर भाजलेली 'संगक' मिळाली तर ती आधी घ्यावी. 'संग' म्हणजे दगड, आणि तापलेल्या खड्यांचे ठसे तिच्यावर दिसतात.

रोटीबरोबर 'सब्जी खोर्दन' नावाची ताटली घ्यावी. तिच्यात पुदिना, तुळशीच्या कुळातली रैहान, टॅरॅगॉन, मुळा, पातीचा कांदा, ते खारट पनीर आणि अक्रोड असतात. रोटीचा तुकडा घ्यायचा, त्यात पनीर, दोन-चार पाने आणि अक्रोड गुंडाळायचा आणि तोंडात टाकायचा. पहिल्यांदा हे गवत चघळल्यासारखे वाटण्याचा संभव आहे. पण ही ताटली सुरुवातीला संपवून टाकण्यासाठी नसते. ती जेवण संपेपर्यंत टेबलावर राहते आणि कबाबाच्या प्रत्येक दोन घासांमध्ये तोंड स्वच्छ करते, म्हणून वाढपी ती उचलू लागला तर नम्रपणे थांबवावे.

दही-काकडीचे 'मास्त-ओ-खियार' म्हणजे आपली काकडीची कोशिंबीर, फक्त फोडणी आणि दाण्याचे कूट वजा करून वर वाळलेला पुदिना घातलेली. 'मिर्झा घासेमी' हा कॅस्पियन समुद्राकाठच्या गिलान प्रांताचा पदार्थ. भाजलेले वांगे, भरपूर लसूण, टोमॅटो आणि अंडे असे त्याचे स्वरूप असल्याने खानदेशी भरताच्या माणसाला तो लगेच जवळचा वाटतो. 'कश्क-ए-बादेमजान'मध्ये तळलेले वांगे, परतलेला कांदा-पुदिना आणि वरून कश्क असते. कश्क म्हणजे दह्या-ताकापासून आटवून केलेला आंबट, किंचित खारट पदार्थ, आणि त्याची चव सवयीने कळते. दोघांत सुरुवातीचे दोन पदार्थ पुरेत. पहिल्या वेळी मी पाच मागवले होते आणि मुख्य जेवण डब्यात भरून घरी नेले होते.

पायरी चौथी: भात

इराणी जेवणाचा मध्य भात आहे, कबाब नव्हे. हे ज्याला कळले त्याला बाकी सगळे आपोआप जुळवता येते. आपल्याकडे भात हा वरणाचा किंवा रश्शाचा सोबती असतो. तिथे भात स्वतःच्या बळावर उभा असतो आणि बाकीचे पदार्थ त्याच्या भोवती मांडलेले असतात.

भाताचे दोन मुख्य प्रकार लक्षात ठेवावेत. पांढरा, सुटा, वर थोडा केशराचा पिवळा भात पसरलेला तो 'चेलो'. भाताबरोबरच काही शिजवले असेल तर तो 'पोलो', म्हणजे आपल्या पुलावाचा भाऊबंद. दोन्हींची कृती मुळात एकच आहे. तांदूळ मिठाच्या पाण्यात भिजवतात, भरपूर उकळत्या पाण्यात अर्धवट शिजवून गाळतात, आणि मग तेल किंवा लोणी घातलेल्या पातेल्यात ढीग रचून, झाकणाला फडके गुंडाळून मंद आचेवर वाफवतात. फडके वाफेचे पाणी शोषून घेते, म्हणून शिते एकमेकांना चिकटत नाहीत. इराणचा स्वतःचा उत्तम तांदूळ गिलान आणि माझंदरान या उत्तरेकडील प्रांतांत पिकतो. लंडनमध्ये बहुधा बासमती वापरतात.

पातेल्याच्या तळाशी जो सोनेरी, कुरकुरीत थर बसतो त्याला 'तहदीग' म्हणतात. 'तह' म्हणजे तळ आणि 'दीग' म्हणजे भांडे. आपल्या 'डेग' शब्दाचे नाते इथेच लागते. आपल्या घरी खरवड लागली म्हणजे स्वयंपाक चुकला, तिथे खरवड नीट सुटून आली नाही म्हणजे चुकला. कधी तळाशी बटाट्याच्या चकत्या किंवा रोटी लावून तिची तहदीग करतात. एका पातेल्याला तळ एकच, त्यामुळे तहदीग मोजकीच असते आणि अनेकदा यादीत लिहिलेलीही नसते. बसल्याबसल्या 'तहदीग आहे का' असे विचारावे. मिळाली तर तिच्यावर घोर्मे सब्जी किंवा घेमे या रश्शांपैकी एक ओतून घ्यावा आणि ती मऊ पडण्याआधी खावी.

पोलोच्या प्रकारांत मराठी माणसाने दोन आवर्जून पाहावेत. 'झेरेश्क पोलो'मध्ये लाल, आंबट, मनुकेपेक्षाही लहान झेरेश्क असतात आणि सोबत कोंबडी. मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमधल्या ब्रिटानियात (स्थापना १९२३) ज्याने बेरी पुलाव खाल्ला आहे, त्याला ते दाणे लगेच ओळखू येतील, कारण तिथली 'बेरी' म्हणजे हीच. दुसरा 'बाघाली पोलो': सोललेले बाकल्याचे दाणे आणि मूठमूठ शेपू. शेपू म्हटल्यावर अर्धा महाराष्ट्र नाक मुरडतो, हे खरे आहे. तरीही भाताच्या वाफेत शिजलेला शेपू आणि पातेल्यातल्या भाजीतला शेपू यांच्या वासात फरक असतो, तेव्हा निदान शेजाऱ्याच्या ताटलीतला एक घास तरी घ्यावा. याच्याबरोबर बहुधा मेंढीची नळी, 'माहीचे', देतात. नावात 'माही' असले तरी यात मासा नसतो.

भाताची वाढणी मोठी असते. दोन माणसांनी दोन मुख्य पदार्थ घेतले तरी एकच भात पुरतो, आणि तसे सांगितले तर चालते.

पायरी पाचवी: कबाब की खोरेश्त

पहिल्या भेटीत दोघांनी जावे आणि एकाने कबाब, दुसऱ्याने खोरेश्त, म्हणजे रश्शाचा पदार्थ, घ्यावे, अशी माझी ठाम शिफारस आहे. दोघांनी कबाबच घेतले तर या पाकशास्त्राचा निम्मा भाग न पाहताच परतावे लागते.

कबाबांत 'कूबीदे' म्हणजे कांदा घालून मळलेला खिमा, रुंद चपट्या सळईवर थापून कोळशावर भाजलेला. 'बर्ग' या शब्दाचा अर्थ पान. मऊ मांसाचा पातळ, लांब पट्टा ठोकून पानासारखा केलेला असतो. एक कूबीदे आणि एक बर्ग मिळून 'सुलतानी' होते. 'जूजे' म्हणजे केशर, लिंबू आणि कांद्यात मुरवलेली कोंबडी. तंदुरी कोंबडीची सवय असलेल्यांना हे सगळे पहिल्या घासाला फिके वाटते, कारण मिरची आणि गरम मसाला यांत जवळजवळ नसतोच. इथे मसाला ताटलीत घालायचा असतो. गरम भातावर लोण्याचा तुकडा ठेवावा, भाजलेला टोमॅटो त्यात कुस्करावा, आणि मग टेबलावरच्या बरणीतले 'सुमाक' दोन्हींवर सढळ हाताने भुरभुरावे. हे एका झुडपाच्या आंबट फळांचे तपकिरी-लाल चूर्ण असते आणि त्याचे काम आपल्या आमसुलासारखे. कच्च्या कांद्याचा घास मधूनमधून घ्यावा. जेवताना उजव्या हातात चमचा आणि डाव्या हातात काटा धरतात, सुरी लागत नाही. कबाब चमच्याच्या कडेने तुटतो, आणि तुटला नाही तर दोष कबाबाचा.

खोरेश्त म्हणजे तासन्‌तास मंद आचेवर शिजवलेला दाट रस्सा. घोर्मे सब्जीत कोथिंबीर, पार्सली, लीक नावाच्या कांद्याच्या जातीची पात आणि मेथी काळपट हिरवी होईपर्यंत परतून मांस, राजमा आणि वाळवलेली लिंबे यांच्याबरोबर शिजवतात. ही लिंबे 'लिमू अमानी' म्हणून ओळखली जातात. ती ताटलीत अख्खी येतात, चमच्याने दाबून त्यांचा आंबट-कडसर रस भातात घ्यायचा असतो. अख्खे लिंबू तोंडात टाकल्यास पुढची दहा मिनिटे दुसरी चव लागत नाही. 'घेमे'मध्ये हरभऱ्याच्या डाळीसारखी डाळ, मांस आणि वर बटाट्याच्या तळलेल्या काड्या असतात. 'फेसेंजान' मूळचे गिलानचे. वाटलेले अक्रोड आणि डाळिंबाचा आटवलेला रस यांत कोंबडी किंवा बदक शिजवतात, रंग जवळजवळ चॉकलेटी होतो आणि चव आंबट-गोड लागते. आमटीत चिंच-गूळ घालणाऱ्या घरातल्या माणसाला ते लगेच उमगते, मात्र अख्खी वाटी एकट्याने संपवण्याइतके ते हलके नाही. अक्रोड-पिस्त्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी मागवण्याआधीच सांगावे. ब्रिटनमध्ये कायद्याने ठरवलेल्या १४ ॲलर्जीकारक घटकांची माहिती देणे उपाहारगृहांवर बंधनकारक आहे.

हिवाळ्यात कुठे 'दीझी' दिसली तर तिच्यासाठी वेळ काढून जावे. मांस, हरभरे, बटाटा आणि टोमॅटो यांचा हा रस्सा दगडी किंवा मातीच्या भांड्यात येतो. आधी वरचा रस वेगळा काढून त्यात रोटी कुस्करून खायची, मग उरलेला ऐवज सोबत दिलेल्या ठोंब्याने भांड्यातच कुटायचा आणि रोटी-कांद्याबरोबर खायचा. कोल्हापूरकरांना भाकरी चुरण्याची सवय असल्यामुळे त्यांना हे शिकवावे लागत नाही.

शाकाहारी पाहुणे बरोबर असतील तर

नुसत्या नावावर विसंबू नये. 'सालाद ओलिविये' दिसायला बटाट्याची कोशिंबीर असते, पण तिच्यात कोंबडी आणि अंडे असते. 'लूबिया पोलो' म्हणजे फरसबीचा भात, पण तो सहसा मांस घालूनच करतात. 'दोल्मे'च्या द्राक्षपानांतही खिमा असू शकतो. 'आश-ए-रेश्ते' हे कडधान्ये, पालेभाजी आणि शेवयांचे दाट सूप बऱ्याचदा शाकाहारी असते, तरी त्यातले पाणी मांसाचे नाही ना, हे विचारावे. 'कूकू सब्जी' म्हणजे पाल्याचे जाड ऑम्लेट. अंडे चालत असेल तर मिर्झा घासेमी, कूकू, मास्त-ओ-खियार, पालकाचे दही 'बोरानी', रोटी आणि मांसाशिवायचा बाघाली पोलो एवढ्यात भरपूर जेवण होते. अंडेही चालत नसेल तर पर्याय रोडावतात, हे पाहुण्यांना निघण्याआधीच सांगावे. कांदा-लसूण न खाणाऱ्यांना इथे नेऊ नये, दोघांचीही पंचाईत होते.

शेवट: दूघ, चहा आणि बिल

जेवणाबरोबर 'दूघ' घ्यावे. नाव दुधासारखे असले तरी ते पुदिन्याचे खारट ताक असते आणि कधी त्यात सोडाही असतो. काही जुन्या जागी मद्य विकत नाहीत, पण स्वतःचे आणू देतात. तसे असल्यास आधी फोन करून विचारावे.

गोडात 'फालूदे' मागवताना मुंबईचा फालुदा विसरावा. शिराझचा फालूदे म्हणजे गुलाबपाणी आणि साखरेच्या गोठवलेल्या पाकातल्या पिठूळ शेवया. वर लिंबू पिळतात, दूध नसते. केशर, गुलाबपाणी आणि पिस्ते घातलेले 'बस्तनी' हे आइस्क्रीम बहुतेकांना लगेच आवडते. चहा काचेच्या छोट्या पेल्यात कोरा येतो. खडीसाखरेचा किंवा साखरेचा खडा दातांत धरून त्यावरून चहाचे घोट घेण्याची रीत आहे, दूध मागण्याची नाही.

बिल देताना इराणी माणूस 'घाबेली नदारे' म्हणजे 'आपल्यापुढे याची काय किंमत' असे म्हणू शकतो. हा 'तआरोफ' नावाचा शिष्टाचार असून पैसे नकोत असा त्याचा अर्थ मुळीच नाही. हसून आभार मानावेत आणि पैसे द्यावेत. आभारासाठी इराणी लोक फ्रेंचांसारखे 'मेर्सी' म्हणतात, त्यामुळे शब्द नवा शिकावा लागत नाही. बिलात १२.५ टक्क्यांच्या आसपास सेवाशुल्क आधीच धरलेले असेल, तर वेगळी बक्षिशी देण्याची गरज नाही.

उरलेले अन्न बांधून मागण्यात संकोच बाळगू नये. तेवढे लक्षात ठेवावे की तहदीग डब्यात मऊ पडते, म्हणून ती टेबलावरच संपवावी. घोर्मे सब्जी मात्र दुसऱ्या दिवशी दुपारी अधिक चांगली लागते, आणि ती गरम करताना झाकण ठेवून दोन चमचे पाणी घालावे.